पाच ओळींचं पाणी

जठारपेठ, अकोला
२० जानेवारी २०१३

प्रिय दामिनी,

पाकीट बघून तुला आधी हसू येईल. मिस्ड कॉलवर संसार चालवणारी अलीझा एकदम पानंच्या पानं लिहायला लागली म्हणून. हसून घे, आणि मग दार लावून बस आणि शेवटपर्यंत वाच. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला मला तोडतेस आणि 'बरं, मुद्दा काय?' असं विचारतेस. या वेळी मुद्दा शेवटी आहे आणि मधलं सगळं वाचल्याशिवाय तो तुला पटणार नाही. शिवाय नत्थुजीकाकांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय की दामिनीला फोन करायचा नाही. पत्राबद्दल तुझे बाबा काही बोलले नाहीत, तेव्हा मी शब्द पाळतेय, असं निदान स्वतःला सांगतेय.

आधीच सांगते, काका-काकू धडधाकट आहेत. काका वेळेवर जेवतात, सकाळी पेपर वाचून सरकारला शिव्या देतात, काकू त्यांना देतात. काळजी आहे ती संत्र्याच्या बागेची. गेले काही दिवस माझं कशात लक्ष लागत नाही. ऑफिसात एकच पान तीनदा वाचते. कारण सगळं सुरू झालं ते माझ्या डब्यापासून.

डबा म्हणजे आपला कॉलेजचा प्रोजेक्ट. तुमच्याकडची थ्री-फेजची लाईट आठवडाभर दिवसा तर आठवडाभर रात्री, आणि काका कडाक्याच्या थंडीत उठून मोर्शीच्या त्या चिखलात व्हॉल्व्ह फिरवायला जायचे. अमरावतीच्या होस्टेलवर तू एकदा म्हणालीस, अली, असं काहीतरी कर की माणूस अंथरुणातून पाणी सोडेल. अब्बांनी त्यांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात पेटी जमवली, तिच्यात सिमकार्ड बसवलं, व्हॉल्व्हपर्यंत तारा ओढल्या. मी मेसेज वाचून त्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडणारा प्रोग्रॅम लिहिला. तू रिपोर्टला सुबक कव्हर घातलंस आणि मार्क माझ्यापेक्षा जास्त मिळवलेस. ते मी अजून विसरलेले नाही.

मेसेजची भाषा आपण काकांसाठीच बनवली होती. बटणांच्या फोनवर अक्षरं उमटवायला त्यांना वैताग यायचा, म्हणून ठरलं की नुसते आकडे. बागेचे पाच प्लॉट, विहिरीकडून नाल्याकडे. एका प्लॉटला एक ओळ, आणि त्या ओळीत किती तास, हवी तर मिनिटं, पाणी द्यायचं तेवढं. पहिली ओळ एक नंबरची, दुसरी दोन नंबरची, अशी. इतकी चिमुकली भाषा. म्हटलं, तिचा पार्सर म्हणजे ती वाचून अर्थ लावणारा तुकडा एका दुपारी होईल. तुला आठवत असेल, मला पार दिवाळी झाली, आणि तो सगळा वेळ न दिसणाऱ्या गोष्टींनी खाल्ला. आकडे ओळखणं सोपं असतं. मधल्या मोकळ्या जागेचं काय करायचं, तिथं माणूस रडकुंडीला येतो.

पुस्तकात शिकवतात की स्पेस, टॅब, ओळ मोडल्याची खूण, सगळ्याचं एकच गाठोडं बांधा आणि ते ओलांडून पुढे चला. मी तसं केलं, तर काकांनी एका ओळीत लिहिलेले '२ ३०', म्हणजे 'दोन तास तीस मिनिटं', आणि खाली-वर लिहिलेले 'एकाला दोन, दुसऱ्याला तीस' यांत डब्याला फरकच कळेना. एका प्लॉटवर तीस तास पाणी सोडायला निघाला होता तो. म्हणून ओळ मोडल्याची खूण गाठोड्यातून वेगळी काढली. स्पेस दिसली तर सोडून दे, ओळ मोडली तर थांब, तिथं एक प्लॉट संपला. मग कळलं की काही फोन ओळ मोडताना एक अदृश्य अक्षर पाठवतात आणि काही दोन. तुझ्या फोनवरून मेसेज केला की पाचाच्या जागी नऊ ओळी दिसायच्या, एकाआड एक रिकामी. शेवटी वैतागून मी सगळ्यावर एकच औषध दिलं. रिकाम्या ओळी कितीही येवोत, सगळ्या फेकायच्या, आणि मेसेजच्या मागचं-पुढचं रिकामंही छाटून टाकायचं. सगळे तसंच करतात गं. परीक्षेला आलेल्या सरांनी तर कौतुक केलं होतं.

दोन वर्षं डबा बिनतक्रार चालला. याचं कारण मला परवा-परवा कळलं. काका तेव्हा पाचही प्लॉट मृग बहारालाच, पावसाळी फुलोऱ्यालाच धरायचे, म्हणजे ताण द्यायचा तर सगळ्या बागेला एकदम, आणि तेव्हा डबाच बंद ठेवायचा. यंदा पाणी उतरलं म्हणून त्यांनी पहिल्यांदाच बाग वाटली. दोन आणि चार नंबर आंबियाला, जानेवारीच्या फुलोऱ्याला, बाकी तिघांवर मृगाची फळं. ताण म्हणजे काय हे तुला सांगायला नको, पण मला विचार. मी जठारपेठेतली मुलगी, संत्रा मला हातगाडीवर भेटलेला. झाडाचं पाणी मुद्दाम तोडायचं, पानं मलूल होऊन थोडी गळू द्यायची, आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं, हे मी डिसेंबरात शिकले. तेही काकूंचा फोन आल्यावर. 'पोरी, तुया डब्यानं दोन नंबरले पानी देल्लं. ताणावरच्या झाडाले. त्यायच्या मनाले लय लागलं, पन बोलून नाई राहिले.'

मी दुसऱ्याच दिवशी एसटी धरून मोर्शी गाठली. काकांनी फोन माझ्या हातात दिला. मेसेज बरोबर पाच ओळींचा होता. पहिल्या ओळीत आकडा, दुसरी रिकामी, तिसरीत आकडा, चौथी रिकामी, पाचवीत आकडा. माझ्या प्रोग्रॅमनं रिकाम्या ओळी शहाण्यासारख्या काढून टाकल्या, उरलेले तीन आकडे वर सरकवले आणि एक, दोन, तीन नंबरला पाणी दिलं. उपास धरलेल्याला बळंच जेवू घातलं आणि पाच नंबरची फळांनी वाकलेली झाडं कोरडी ठेवली. मी म्हटलं, काका, ताणाच्या प्लॉटला शून्य का नाही टाकलंत? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सणासुदीला काही अभद्र बोलले. म्हणाले, 'झाडाच्या नावानं शून्य कोन लिहिते व? जितं हाय ते.' मी म्हटलं, मग 'बंद' लिहा. तर आतून काकूच म्हणाल्या, 'दिवा इझला असं कोनी म्हंते का? तसंच हाय हे.'

मग काकांनी समजावलं. त्यांचे वडील गड्याला पाण्याची चिठ्ठी द्यायचे तेव्हापासून हे असंच आहे. ताणावरच्या झाडांची ओळ सोडायची, पण पुसायची नाही. 'ओळ त्याची त्याले राहते. फक्त त्याच्यात काई लिहाचं नसते.' शेजारच्या पुंजाजींनाही मी खात्रीसाठी विचारलं, तेही तसंच करतात, आणि त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. दामिनी, तू त्याच घरात वाढलीस आणि तुलाही हे सांगायचं सुचलं नाही, तर मला कुठून सुचणार? हा टोमणा समज.

मी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले आणि प्रोग्रॅम सुधारला. दोन अदृश्य अक्षरं आली तर आधी त्यांची एक खूण करायची. मागचं-पुढचं छाटणं बंद, कारण पहिली किंवा शेवटची ओळही ताणावर असू शकते. आणि रिकामी ओळ ही ओळच धरायची, तिचा अर्थ त्या प्लॉटचा व्हॉल्व्ह बंद. काका शेजारी बसून तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलून माझ्यापुढे ठेवत होते. पुन्हा मेसेज पाठवला, दोन सोडून तीन नंबरचा व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा म्हणाले, 'आता आयकते.' दोन नंबरच्या ताणाचं नुकसान किती झालं, ते त्यांनी काढलंसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाले, फुलं आली की समजेल. मी खुशीत परतले. अब्बांना सांगितलं की आता माझा डबा मोर्शीची भाषा बोलतो.

काकांच्या प्रत्येक मेसेजची प्रत माझ्या फोनवर येते. चूक पकडता यावी म्हणून मीच तशी सोय केली आहे. नाताळापर्यंत सगळं ठीक होतं, दोन आणि चार रिकाम्या, बाकी भरलेल्या. मग एके सकाळी पाचवी ओळही रिकामी आली. मला वाटलं, काका विसरले. फोन केला, तर म्हणाले, 'राहू दे, पाहू.' काही दिवसांनी पहिली रिकामी झाली. मग तिसरीचे तास निम्मे झाले. मी वेड्यासारखी पार्सरच तपासत बसले, त्यांचेच मेसेज माझ्या कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा चालवून पाहिले. एकेक अदृश्य अक्षर उघडं करून पाहिलं, कुठे एखादा आकडा गिळला जातोय का म्हणून. चूक सापडली असती तर मी किती सुखानं झोपले असते. मेसेज जसा पाठवला होता तसाच वाचला जात होता.

आणि संक्रांतीला पाचही ओळी रिकाम्या आल्या. काकांनीच मला शिकवलं होतं की आंबियाचा ताण संक्रांतीच्या सुमाराला तोडायचा, त्याच्यापुढे ओढला तर शेंडे वाळतात आणि झाड मागं येत नाही. म्हणजे त्या दिवशी दोन आणि चार भरून यायला हव्या होत्या. मी तीळगुळाचा डबा मांडीवर घेऊन त्या कोऱ्या मेसेजकडे बघत बसले. माझा जुना, चुकीचा प्रोग्रॅम असता ना, तर त्यानं सगळं छाटून 'मेसेजच नाही' असं म्हटलं असतं आणि आदल्या दिवशीचं पाणी चालू ठेवलं असतं. आता मीच सुधारलेल्या प्रोग्रॅमनं पाचही व्हॉल्व्ह लावून घेतले आणि काकांना 'ठीक' असं उत्तरही पाठवलं.

परवा अब्बांना घेऊन गेले. मोटार बघायच्या निमित्तानं. अमरावतीहून मोर्शीकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना तोडलेल्या संत्र्याच्या खोडांचे ढीग लागले, जिथं दिवाळीला आपण बागा पाहिल्या होत्या. आपल्या बागेत मृगाची फळं मऊ पडलीत, बोटानं दाबली तर दबतात, खाली सडाच आहे. पानं वळलीत. चार नंबरची झाडं अजून हिरवी दिसतात पण शेंड्यांचा रंग उतरलाय. अब्बांनी बोअर चालवून पाहिला आणि बाजूला येऊन मला हळूच म्हणाले, 'पानी है बेटा. कम है, पर है.' हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट भीती वाटली. पाणी आटलं असतं तर काकांच्या रिकाम्या ओळींचा अर्थ लागला असता.

काकांनी चहा पाजला. अब्बांशी इकडचं तिकडचं बोलले. मध्येच म्हणाले, 'गयासभाई, हा डबा दुसऱ्या कोनाच्या कामी येईन का? सोयाबीनले का लागते पान्याचा वाल.' अब्बांनी कपातून तोंड वर काढलं नाही. मी सरळ विचारलं, काका, झाडं सुकतायत, पाणी का देत नाही? ते म्हणाले, 'ताण हाय.' मी म्हटलं, फळांवरच्या झाडांना कसला ताण? त्यावर ते उठले, चप्पल घातली आणि गोठ्याकडे गेले. परत आले ते एवढंच सांगायला, की दामिनीला फोन करू नको, तिची नवीन नोकरी आहे, कामात राहते. माझ्याकडून हो म्हणवून घेईपर्यंत उभे राहिले.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. माझ्या पिशवीत शेंगा कोंबता कोंबता म्हणाल्या, 'दिवाळीत पोरगी बोलली ना, तवापासून हे असंच हाय. जेसीबीवाला पाहून गेला. त्याले हो बी नाई म्हनलं, नाई बी नाई.' मग पदरानं फाटकाची कडी पुसायला लागल्या. ती स्वच्छच होती.

दिवाळीला मी तिथंच होते. तुझ्या हातचा चिवडा खात होते. तू म्हणालीस, बाबा, आता तुमच्यानं होत नाही, किती दिवस पाण्यामागे धावणार, बाग काढून टाका आणि पुण्याला चला. पुढे कोण बघणार आहे ती, मी तर येणार नाही. एसटीत तू मला म्हणालीस, बाबा ऐकतच नाहीत, आणि मीही मान डोलावली. दामिनी, त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता. मी तुला बोल लावत नाही. तू दमली होतीस, त्यांच्या काळजीनं बोललीस, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. बोअर दरवर्षी खोल चाललेत हे मीही बघते. पण मला जे वाटतं ते लिहितेच. तुझं ऐकून त्यांनी बाग सोडायचं ठरवलंय. जेसीबीवाल्याला 'ये' म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. जितं झाड त्यांच्यानं तोडवत नाही, म्हणून ते आधी वाळू देतायत. आणि ते काम माझा डबा रोज सकाळी बिनचूक करतोय.

आता मुद्दा. डबा फक्त तीन नंबरांचं ऐकतो. काकांचा, माझा आणि तुझा. तुझा मी प्रोजेक्टच्या वेळीच नावासकट टाकून ठेवला होता, त्या चाचण्यांनंतर तू तो कधी वापरला नाहीस. मी इथं बसून पाणी सोडू शकते, दोनदा मेसेज लिहिला आणि पुसला. माझ्या नावानं व्हॉल्व्ह उघडला तर काका म्हणतील, पोरगी डबा तपासून राहिली, आणि बंद करतील. तुझ्या नंबरवरून मेसेज गेला की त्यांच्या फोनवर डब्याचं उत्तर येईल, आणि त्यात तुझं नाव असेल. फोन करून समजावू नकोस, ते 'सगळं ठीक हाय' म्हणतील आणि तू ते खरं धरशील. बाग खरंच नको असेल तर तसं त्यांना समोर बसून सांग, झाडांना असं हळूहळू वाळवायला लावू नकोस. पण नको नसेल, तू नुसती दमून बोलली असशील, तर हे पत्र वाचून झाल्याबरोबर डब्याला पाच ओळी पाठव. दोन आणि चारला फार दिवस उरलेले नाहीत. कुठल्या ओळीला किती तास ते मला विचारू नकोस, मला कळत नाही, तुलाही आता नीट आठवणार नाही. येतील ते आकडे टाक. चुकीचे पडले तर उलट बरंच आहे. नत्थुजीकाकांना चुकीचं पाणी बघवत नाही, ते शिव्या देत उठतील आणि तुझे तास दुरुस्त करायला स्वतः फोन हातात घेतील.

तुझीच,
अलीझा